एकमताची वाट किती पाहावी?

सभेत हात वर करून बहुमत मोजण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की मतदानाशिवाय सभा चालू शकते हेच पटत नाही. क्वेकर पंथीयांच्या सभा मात्र साडेतीनशे वर्षे तशाच चालत आल्या आहेत.

१६५२ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सभोवती हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश आहे आणि तो धर्मगुरूविना उमगतो, ही त्याची मूळ श्रद्धा. म्हणून बड्या माणसापुढे टोपी काढायची नाही, दुकानात सगळ्यांना एकच भाव सांगायचा आणि न्यायालयातही शपथ घ्यायची नाही. शपथ घेतली तरच खरे बोलायचे, तर एरवीच्या बोलण्याचे काय, हा त्यांचा सवाल होता. या हट्टापायी हजारो जण तुरुंगात गेले. अखेर १६९६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने शपथेऐवजी त्यांचे गंभीर कथन मान्य केले. आपल्याकडे ईश्वराचे नाव न घेता मंत्रिपद स्वीकारता येते, त्या सवलतीचे एक मूळ इथे आहे.

पण आतला आवाज फसवूही शकतो. १६५६ मध्ये जेम्स नेलर हा क्वेकर ख्रिस्ताच्या नगरप्रवेशाची आठवण करून देत घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटने त्याला ईश्वरनिंदेबद्दल दोषी ठरवून त्याच्या जिभेला तापल्या लोखंडाने भोक पाडायला लावले. पुढच्या काळात, एकट्याला झालेली प्रेरणा सभेपुढे पारखून घ्यावी, यावर क्वेकरांचा भर वाढला. सभा मौनात बसते, बोलणारा थोडके बोलतो, आणि सर्वांचा कल कुठे आहे हे सभेचा कारकून लिहून घेतो. एकाचीही गंभीर हरकत असली, तर विषय पुढे ढकलला जातो.

या पद्धतीचे यश आणि अपयश गुलामगिरीच्या प्रश्नात एकत्र दिसते. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन इथल्या चौघांनी गुलाम बाळगण्याविरुद्ध लेखी निषेध केला. विषय फार जड आहे म्हणून एका सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला आणि तिथे तो तसाच राहिला. मधल्या काळात जॉन वुलमन हा क्वेकर गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांची घरे गाठून शांतपणे त्यांची मने वळवत होता. गुलाम मुक्त न करणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने घेतला तो १७७६ मध्ये. देशाने गुलामगिरी संपवण्याच्या कितीतरी आधी एका समाजाने ती स्वतःपुरती संपवली, हे खरेच. पण त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची किंमत सभेत बसलेल्यांनी मोजली नाही. ती गुलामांनी मोजली.

आज या परंपरेकडून काय घ्यावे, याचे उत्तर यातच आहे. एकच भाव आणि एकच खरे बोलणे ही शिस्त कुठल्याही व्यवहाराला चालेल. एकमताची वाट पाहणेही मोलाचे आहे, कारण अल्पमताला चिरडून घेतलेले निर्णय फार काळ टिकत नाहीत. मात्र उशिराची झळ ज्यांना बसते ते सभेतच हजर असले, तरच हा संयम न्याय्य ठरतो. ते बाहेर असतील, तर निर्णय त्यांच्या घाईनेच व्हायला हवा.