तिकीट कुणाचं?

मुंबईतच रविवार साजरा करायचा, तर सकाळी भायखळा आणि संध्याकाळी कुलाबा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत खरी झुंबड पेंग्विनपाशी. हे हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली सोलहून इथे आले. पोरं काचेला नाक चेपून उभी, आणि रखवालदाराचा ‘पुढे चला, पुढे चला’ करून घसा बसलेला. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये ज्यूकबॉक्स, थंड बिअर आणि भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाची माणसं. दुसऱ्या ग्लासापर्यंत जो तो त्या गर्दीत आपल्या साहेबाला शोधू लागतो. दोन्हीकडे प्रेक्षक आपण, अशी आपली समजूत. पण पेंग्विन मान वाकडी करून जसा न्याहाळतो, ते पाहता तिकीट त्यानंच काढलं असावं!