शिरीषाची साल आणि 'सिद्ध झाले' हा शब्द

गेल्या वर्षी वसतिगृहातील माझा खोलीसोबती हळूहळू गप्प होत गेला. जेवण कमी झाले, झोप उडाली, तासांना येणे थांबले. मग घरून शिरीषाच्या सालीच्या चूर्णाची पुडी आली. 'याने मन प्रसन्न राहते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,' असा निरोपही आला. रोज सकाळी कोमट पाण्यातून ते देण्याचे काम माझ्याकडे होते. दोन महिने मी ते इमानेइतबारे केले. परीक्षा बुडाली, तेव्हा कुठे आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. आज तो सावरतो आहे. पण ते वाया गेलेले दोन महिने मला विसरता येत नाहीत.

म्हणून 'सिद्ध केले' म्हणजे नेमके काय केले, याचा मी शोध घेतला.

शिरीष आपल्या माळव्याला परका नाही. त्याच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळाट सर्वांनी ऐकला असेल. चरकसंहितेने त्याला विषघ्न द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे. मन प्रसन्न करणारे झाड म्हणून कीर्ती आहे ती चिनी वैद्यकातील त्याच्या भावंडाची. त्या झाडाच्या चिनी नावातच आनंद आहे. म्हणजे कीर्ती एका झाडाची आणि पुडी दुसऱ्याची!

आपल्या शिरीषावरही प्रयोग झाले आहेत. नाशिकच्या औषधशास्त्रज्ञांनी २००१ साली त्याच्या पानांतील सॅपोनिन द्रव्यांची उंदरांवर परीक्षा केली. जमिनीपासून उंच अशी अधिक चिन्हाच्या आकाराची वाट असते; तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. भ्यालेला उंदीर भिंतीचा आडोसा धरतो. औषध दिलेले उंदीर उघड्या भुजांवर अधिक वावरले, म्हणजे त्यांची भीती कमी झाली.

प्रयोग मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो पानांचा होता, आम्ही साल देत होतो. तो उंदराच्या भीतीचा होता, माझ्या मित्राला ग्रासले होते ते औदासीन्याने.

कोणी म्हणेल, हा आपल्या विद्येवरचा अविश्वास आहे. मला तसे वाटत नाही. सर्पगंधेचेच पाहा. तिचे आर.एस.-१ हे वाण आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने दिले. या वनस्पतीचा उन्माद व रक्तदाब यांवरील गुण १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मांडला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळे झाले आणि जगभर वापरले गेले. पुढे रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना औदासीन्य आल्याच्या नोंदीही झाल्या. त्या लपवल्या गेल्या नाहीत. उलट मेंदूतील रसायने आणि मनःस्थिती यांचा संबंध शोधायला त्यांनी चालना दिली.

माझ्या मते खरी परीक्षा ही अशी असते. ती गुण सांगते आणि दोषही सांगते. आपल्या वनस्पतींचा खरा मान तिला सामोरे जाण्यात आहे, पुडीवरच्या छापील शब्दांत नाही.

शिरीषाची तशी परीक्षा अवश्य व्हावी. आपल्यापैकीच कोणी ती करावी. तोवर मात्र एक विनंती आहे. शेजारच्या खाटेवरचा मित्र गप्प झाला, तर पुडी सोडण्यापूर्वी त्याच्याशी बोला आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मी दोन महिने उशीर केला. तुम्ही करू नका.