नवा राउटर आणि दुकानातील लिनक्स

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव श्रीगोविंदप्रभूंमुळे आणि ‘लीळाचरित्रा’मुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून आहे, मराठी भाषा विद्यापीठही आता तेथेच आले आहे. यात्रेकरूंचा राबता आणि संत्रा-कपाशीचा हंगाम यांवर चालणाऱ्या अशा गावांतही आता बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार संगणकावरच होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. पुढची आवृत्ती न पेलणारा, परंतु एरवी धडधाकट असलेला संगणक भंगारात घालण्याऐवजी त्यावर लिनक्स बसविणे काटकसरी पेढीला साहजिकच रुचते. पंचाईत होते ती नवा राउटर आणल्यावर. खोक्यावर पुष्कळदा विंडोज आणि मॅक एवढीच नावे असतात, आणि जोडणीला आलेला तरुण लिनक्सचा पडदा पाहून ‘यावर चालणार नाही’ असे सांगून मोकळा होतो. अशा वेळी नवा संगणक घेण्याची घाई करण्याचे कारण नाही.

राउटर आणि संगणक यांचा व्यवहार ठरलेल्या सार्वत्रिक नियमांनी चालतो. पलीकडचे यंत्र कोणत्या प्रणालीवर चालते याच्याशी राउटरला कर्तव्य नसते. गंमत अशी की, बाजारातील पुष्कळशा राउटरांच्या पोटात लिनक्सच असते. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरात ते आढळल्यावर परवान्याच्या अटींमुळे २००३ साली कंपनीला आतील संहिता खुली करावी लागली, आणि त्यातूनच पुढे ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. राउटरबरोबर आलेली तबकडी संगणकात घालण्याचीही गरज नसते. सर्व मांडणी राउटरमध्येच असते आणि ती ब्राउझरमधून उघडते.

आरंभ केबलने करावा, वाय-फाय नंतर. फायबरच्या डब्यातून येणारी केबल नव्या राउटरच्या ‘वॅन’ छिद्रात आणि संगणकाची केबल ‘लॅन’ छिद्रात बसवावी. लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडले की ‘डिफॉल्ट राउट’ किंवा ‘गेटवे’ यापुढे एक पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो इंग्रजी अंकांत ब्राउझरमध्ये टंकला की राउटरचे पान उघडते.

खरी गाठ बसते ती येथे. फायबर कंपनीचा डबा हाही अनेकदा स्वतःच राउटर असतो. जुना आणि नवा दोन्ही १९२.१६८.१.१ हाच पत्ता सांगू लागले, तर एका वाड्यात एकाच नावाची दोन माणसे असावीत तसा घोळ होतो: दिवे लागतात, संगणक ‘जोडले’ म्हणतो, पण एकही पान उघडत नाही. मग दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. नव्या राउटरचा घरातील पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलला की हा गुंता सुटतो. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीकडून जुना डबा ‘ब्रिज’ स्थितीत करून घेणे. त्या वेळी पीपीपीओईचे नाव व परवलीचा शब्द मागून घ्यावा लागतो, कारण तो नव्या राउटरमध्ये भरावयाचा असतो.

केबलवर सर्व सुरळीत चालते आणि वाय-फायवर मात्र अडते, तेव्हा संशय संगणकातील वाय-फाय कार्डावर किंवा यूएसबी डोंगलवर घ्यावा. ब्रॉडकॉमची काही कार्डे आणि रिअलटेकचे काही डोंगल वेगळा ड्रायव्हर मागतात. तो उतरवून घेण्यासाठी केबल असतेच. नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसत नाही, म्हणून २.४ चा चालू ठेवावा. जाड भिंतींतूनही तोच अधिक लांब पोहोचतो. सुरक्षेच्या रकान्यात केवळ डब्ल्यूपीए-३ निवडले असेल, तर जुने यंत्र जोडले जात नाही. तेथे डब्ल्यूपीए-२ व ३ असा संयुक्त पर्याय घ्यावा.

परवलीच्या शब्दाबाबत मात्र रिद्धपूरचाच दाखला पुरेसा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांची अदलाबदल एवढ्याच युक्तीवर ते शतकानुशतके परक्या नजरेपासून दूर राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली संशोधकांना मिळाली आणि पोथ्या वाचता येऊ लागल्या. वाय-फायची आजची सांकेतिक पद्धत त्या लिपीहून किती तरी बळकट आहे, पण किल्लीचे महत्त्व तसेच आहे. राउटरच्या पानासाठी मुळात दिलेला ‘अॅडमिन’ हा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट’ जोडणी वेगळी ठेवावी. तिजोरीची किल्ली जो गल्ल्यावर ठेवत नाही, त्याने वाय-फायचा शब्द भिंतीवर चिकटवू नये.

आता एक सोपी युक्ती. नव्या वाय-फायला जुनेच नाव आणि जुनाच परवलीचा शब्द दिला, तर घरातील मोबाइल, टीव्ही आपोआप जोडले जातात. अर्थात तो शब्द गावभर झालेला नसेल तरच. बिलांचा प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना मात्र पूर्वी ठरावीक पत्ता दिलेला असू शकतो. राउटरचा पत्ता-गट बदलला की ते हरवल्यासारखे वागतात, म्हणून त्यांचे जुने पत्ते आधीच वहीत टिपून ठेवावेत.

हे सारे करण्यास दिवस कोणता निवडावा, हाही प्रश्न आहेच. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख ३-बी ची. त्यांच्या आदल्या दिवशी केबलला हातही लावू नये. नवा राउटर आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना डबा अॅडॉप्टरसह माळ्यावर न टाकता हाताशी असू द्यावा. वऱ्हाडात वीज जाते तेव्हा संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि राउटर बंद पडतो; राउटरच्या अॅडॉप्टरवर लिहिलेला व्होल्टेज पाहून त्यासाठी लहानसा यूपीएस त्याच फेरीत आणून ठेवावा.