गाठीपेक्षा चाल घातक

तळपायावर काळा डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय भोवरीवर जातो, नाही तर आत मोडलेल्या काट्यावर. डाग ब्लेडने खरवडला जातो, मेडिकलच्या दुकानातली पट्टी चिकटवली जाते आणि महिने निघून जातात. बहुतेक वेळा ती भोवरीच असते. पण तो डाग मेलानोमाचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा असेल, तर हेच महिने जिवावर बेततात. त्वचेवरची गाठ सहसा जीव घेत नाही. तिच्यातून सुटून फुप्फुस, यकृत किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेल्या पेशी तो घेतात.

या पेशींना प्रवास नवा नसतो. रंगपेशींचे पूर्वज गर्भावस्थेत पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तिथून सरकत सरकत अंगभर त्वचेत जाऊन स्थिरावतात. कर्करोग झालेली रंगपेशी जणू हीच जुनी सवय पुन्हा अंगी बाणवते. चालण्याचे हुकूम पेशीच्या आत एका हातातून दुसऱ्या हातात जातात ते काही विकरांमार्फत. त्यातले अनेक ‘कायनेज’ या कुळातले. फॉस्फेटचा एक छोटा तुकडा दुसऱ्या प्रथिनावर चिकटवून त्याचे काम सुरू किंवा बंद करायचे, एवढेच कायनेजचे काम. ‘फोकल ॲढीजन कायनेज’ पेशीची आजूबाजूच्या धाग्यांवरची पकड सांभाळते. ‘रो कायनेज’ पेशीला स्नायूसारखी आकुंचित करून पुढे रेटते. वाटेतले कोलॅजनचे जाळे कापायला वेगळी, कात्रीसारखी विकरे असतात.

मग ही कात्री बोथट केली तर? १९९०च्या दशकात नेमका हाच विचार करून औषधे बनली आणि रुग्णांवर त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. हाती निराशा आली. औषध द्यायला झालेला उशीर, सांधेदुखीसारखे दुष्परिणाम अशी त्याची अनेक कारणे होती. त्यातले एक पुढे प्रयोगशाळेत दिसले: कात्री काढून घेतली की काही कर्कपेशी वाट कापणे सोडून देतात, अमिबासारख्या गोल होतात आणि फटीतून अंग चोरून निसटतात. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च’मधील ख्रिस मार्शल यांच्या गटाने २००८ साली मेलानोमाच्या पेशींत या दोन चालींमागचा खटका दाखवून दिला. लांबट होऊन सरपटण्याची चाल ‘रॅक’च्या जोरावर चालते, गोल होऊन निसटण्याची ‘रो’च्या; आणि दोन्ही एकमेकांना दाबून धरतात. एक रस्ता अडवला की पेशी दुसऱ्याने जाते. पेशींची वाटचाल रोखणारे औषध मेलानोमाच्या रोजच्या उपचारांत अजून आलेले नाही, त्याचे हे एक कारण.

वाढ रोखण्यात मात्र मोठे यश आले. मेलानोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ‘बीराफ’ या कायनेजमध्ये बिघाड असतो, हे २००२ साली कळले. प्रथिनातल्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी बहुधा ग्लुटामिक आम्ल बसते आणि वाढीचा संदेश थांबतच नाही. त्यावरचे व्हेमुराफेनिब २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले. गाठी झपाट्याने विरघळल्या आणि बहुतेकांत काही महिन्यांनी परतल्या. आता जोडीला ‘मेक’ या पुढच्या कायनेजला रोखणारे औषध देतात, प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी औषधेही आहेत. रुग्णांचे आयुष्य त्यांनी खरोखर वाढवले.

पण हे निम्मे रुग्ण कोणते? प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे, उन्हाने भाजलेल्या त्वचेवर मेलानोमा झालेले. भारतात हा आजार विरळाच, आणि झाला तर त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखालचा असतो. या प्रकारात ‘बीराफ’चा बिघाड तुलनेने कमी आढळतो, म्हणजे हे गाजलेले औषध त्यातल्या अनेकांच्या उपयोगाचेच नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघालेला मेलानोमा याच प्रकारचा होता. १९७७मध्ये निदान झाले, १९८१मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. ‘सावळ्या माणसाला त्वचेचा कर्करोग होत नाही’ हा समज म्हणूनच महागात पडतो. सनस्क्रीनच्या जाहिरातींनी या तळपायाचा विचार कधी केलाच नाही.

तेव्हा आज हाताशी असलेले सर्वांत भरवशाचे साधन जुनेच आहे: पेशी निघण्याआधी गाठ काढणे. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७०मध्ये दाखवले की गाठ किती रुंद यापेक्षा ती किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर पुढचे बरेच काही ठरते. एक मिलिमीटरच्या आतल्या गाठीचे बहुसंख्य रुग्ण निव्वळ शस्त्रक्रियेने बरे होतात. बायोप्सी न करता काळा डाग जाळून टाकला की हा आकडा कायमचा हातून जातो. असे डाग जाळणे डॉक्टरांनी थांबवावे, आणि ब्युटी पार्लरनी तर त्याला हातच लावू नये.

त्यासाठी नवी मोहीम काढण्याचीही गरज नाही. मधुमेहींचे पाय तपासण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच तपासणीत तळव्यावरचा वाढता किंवा वेडावाकडा डाग, नखातली रुंदावत जाणारी आणि नखाबाहेरच्या कातडीवर उतरलेली काळी पट्टी पाहायला मिनिटभर लागेल. आणि महिनोन्महिने न भरणारी प्रत्येक जखम साखरेच्या खात्यावर टाकण्याआधी तिचा एक तुकडा तपासायला पाठवावा. काही मेलानोमा काळे नसतातच.