ग्रामसभेत गोळ्यांचा हिशेब मागा!

बीपी दुखत नाही, शुगर दुखत नाही. सगळी गोम इथंच आहे. ताप आला की माणूस दवाखान्याची वाट धरतो. रक्तदाब वाढला तर कळतही नाही. मग एके दिवशी पहाटे उठताना एक बाजू लुळी पडते. जीप, जिल्ह्याचं रुग्णालय, गहाण पडलेला दागिना आणि नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य : 'काल तर धडधाकट होता हो!' धडधाकट नव्हता. कुणी मोजलं नव्हतं, एवढंच.

ज्यांचं मोजलं, त्यांचं तरी काय होतं? केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं आणि हातात पडतात आठवड्याच्या गोळ्या. आठवड्यानं पुन्हा एसटी, पुन्हा रोज बुडवायचा. ऐन खुरपणीत कोणती बाई अशा खेपा घालेल? दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. लगेच शिक्का बसतो, 'पेशंट ऐकत नाहीत.' जन्मभराच्या दुखण्याला तापासारखं औषध देणाऱ्या व्यवस्थेनं असं म्हणावं, हे जरा अतिच झालं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होतं, हृदयाची शस्त्रक्रिया होते. झालीच पाहिजे. पण ती वेळ येऊ न देणारी गोळी उपकेंद्रात संपलेली असेल, तर त्या योजनेचं कौतुक करावं की कीव करावी?

वाट ठाऊक नाही, असं नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. त्याची रीत साधी : अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारखी स्वस्त औषधं, सगळीकडे एकच ठरलेली उपचारपद्धती, महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणि घराजवळ, आणि जो आला नाही त्याचा फोन करून किंवा घरी जाऊन शोध. यात कुठंही मोठं इस्पितळ नाही.

त्याच्याही कितीतरी आधी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडच्या दुष्काळी मुलखात गेले. गावानं निवडलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्तीतल्या. त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं केली, कुष्ठरुग्ण शोधून औषधाला लावले. गावाचं आरोग्य गावातलंच माणूस सांभाळू शकतं, हे महाराष्ट्रानं जगाला दाखवलं आणि स्वतः मात्र सोयीनं विसरला. आज आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचे फॉर्म भरते. तिच्या हाती नीट चालणारं यंत्र आणि पदरी वेळेवर मोबदला नसेल, तर त्या फॉर्मचं करायचं काय?

दोष सरकारच्या माथी मारून आपण सुटत नाही. पारावर बसून दिल्लीचा निकाल लावणारे आम्ही पुरुष दंडाला पट्टा बांधून घ्यायला कचरतो. 'बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करतो. अहो, बरं वाटतंय ते त्या गोळीमुळंच!

तेव्हा मंडळी, उठा. तिशी उलटलेल्या प्रत्येकानं या महिन्यात उपकेंद्रात जाऊन बीपी-शुगर तपासून घ्यावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार नि:शुल्क आहेत, म्हणजे हे मागणं भीक नव्हे. आणि पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराचे विषय निघण्याआधी हात वर करा. गावात तिशीपुढचे किती जण तपासले? किती जणांचा बीपी ताब्यात आहे? उपकेंद्रात गोळ्यांचा साठा किती दिवसांचा? ग्राम आरोग्य समितीचा निधी कशावर खर्च झाला? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहून होईपर्यंत खाली बसू नका.