वळू कसा निवडायचा: वंशावळ बघून, की जीन चिप बघून?

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी पीएम-किसानचा १८वा हप्ता सोडला. तुमच्या घरी कुणाच्या तरी फोनवर त्याचा मेसेज आला असेलच. त्याच मंचावरून आणखी काही गोष्टी जाहीर झाल्या: गायींसाठी ‘गौ चिप’, म्हशींसाठी ‘महिष चिप’ आणि कालवडच जन्मावी यासाठी देशात तयार केलेलं वीर्य वेगळं करण्याचं तंत्रज्ञान. हप्त्याच्या बातमीत या तिन्ही गोष्टी हरवून गेल्या. पण विदर्भातल्या गोठ्यांवर याच गोष्टींचा परिणाम जास्त काळ राहणार आहे, असं माझं मत आहे.

मी नागपूरचा, लिहितो मोबाइल आणि ॲपवर. त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात, “भाऊ, ही चिप गाईच्या कानात बसवतात का?” तर नाही. ही चिप गाईला लावायची नसते. ती लॅबमध्ये असते. गाईचं किंवा वळूचं रक्त, केस नाहीतर कानाचा छोटासा तुकडा घेतात, त्यातून डीएनए काढतात आणि या चिपवर तपासतात. एका जनावराचा डीएनए दुसऱ्यापेक्षा ज्या ठिकाणी वेगळा असतो, अशी हजारो ठिकाणं ही चिप एका झटक्यात वाचते. कानात दिसतो तो पिवळा बिल्ला वेगळा, त्याच्याकडे पुढे येऊ.

एवढा खटाटोप कशासाठी? तर वळू निवडण्यासाठी.

एक वळू, हजारो वासरं

गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. वळूचं तसं नाही. कृत्रिम रेतनात वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या भरतात. एक कांडी ०.२५ मिलीची, पेनाच्या रिफिलपेक्षाही बारीक. ती द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवली की वर्षानुवर्षं टिकते, अगदी वळू मेल्यानंतरसुद्धा. म्हणजे तुमच्या गावात चुकीची गाय आली तर नुकसान एका गोठ्याचं. चुकीचा वळू आला तर नुकसान अख्ख्या तालुक्याचं, आणि ते कळायला चार वर्षं लागतात, कारण कालवड मोठी होऊन विते तेव्हाच दूध दिसतं.

म्हणून जगभर वळू निवडताना आधी वंशावळ बघायची पद्धत पडली. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अँगस. स्कॉटलंडची ही काळी, बिनशिंगी जात. १८७३ मध्ये चार अँगस वळू अमेरिकेत कॅन्ससला पोचले, १८८३ मध्ये पैदासकारांची संघटना झाली, आणि तेव्हापासून कोणता वळू कुणाचा, त्याची आई कोण, आजा कोण, हे वहीत लिहिलं जातं. आज तिथला शेतकरी वळू घेताना नावासोबत आकडेही बघतो: याची वासरं जन्मताना किती वजनाची असतील, वर्षभरात किती वाढतील, याच्या मुली किती दूध पाजतील.

अँगस आपल्याकडे दिसत नाही, कारण ती मांसासाठीची जात आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू या तिघांच्या कत्तलीला बंदी आहे. पण निवडीचं गणित जातीप्रमाणे बदलत नाही. अँगसच्या जागी गवळाऊ ठेवा, प्रश्न तोच राहतो.

ब्रँड, रिव्ह्यू आणि स्पेसिफिकेशन

फोन घेतानाचं उदाहरण घेऊ.

वंशावळ म्हणजे ब्रँड. चांगल्या कंपनीचा फोन सहसा चांगला असतो, पण त्याच कंपनीचे दोन मॉडेल सारखे नसतात. सख्खे भाऊ असलेले दोन वळूही सारखे नसतात. प्रत्येकाला आईचे अर्धे आणि बापाचे अर्धे जीन मिळतात, पण कोणते अर्धे, हे नशिबावर. वंशावळ फक्त सरासरी सांगते. एक भाऊ हिरा निघतो, दुसरा साधा, आणि कागदावर दोघं एकसारखे दिसतात.

दुसरी पद्धत म्हणजे युजर रिव्ह्यू. वळूच्या कांड्या वेगवेगळ्या गावांत वापरायच्या, त्याच्या मुली वेतात येईपर्यंत थांबायचं, त्यांचं दूध मोजायचं आणि मग ठरवायचं. याला संतती परीक्षण म्हणतात. ही पद्धत खात्रीची, पण निकाल यायला सात-आठ वर्षं जातात. तोवर वळू म्हातारा झालेला असतो.

तिसरी पद्धत चिपची. वासरू जन्मलं की त्याचा डीएनए वाचायचा आणि अंदाज बांधायचा. पण अंदाज येतो कुठून? आधी हजारो गायींचा डीएनए वाचलेला असतो आणि त्यांचं दूधही मोजलेलं असतं. कॉम्प्युटर त्यातून नातं शोधतो: डीएनएमध्ये अमुक ठिकाणी अमुक अक्षर असेल तर दूध इतकं वाढतं, तमुक असेल तर इतकं घटतं. हे सूत्र मग नव्या वासराला लावायचं. ही कल्पना २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडली आणि २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन गायींसाठी अधिकृतपणे वापरात आली. आपली गौ चिप याच वाटेवरची आहे.

सगळ्यांनी एकच वळू घेतला तर?

बरं, आकडे मिळाले की प्रश्न संपला का? नाही. उलट एक नवा सुरू होतो. टॉप रेटिंगचा फोन जसे सगळे घेतात, तसाच टॉपचा वळू सगळे वापरतात.

१९६२ मध्ये अमेरिकेत चीफ नावाचा होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देत. एकट्याच्या १६ हजार मुली झाल्या, नातींची संख्या लाखांत गेली. आज होल्स्टीन जातीच्या एकूण जीनपैकी सुमारे १४ टक्के त्याच्याकडून आलेले आहेत. पण त्याच्या डीएनएमध्ये एक दोष लपलेला होता. वासराला तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला तर गर्भ पोटातच मरतो. जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात या एका दोषामुळे झाले असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला, तोही वळू मेल्यावर कितीतरी वर्षांनी.

वंशावळीच्या वह्या इतक्या नीट ठेवणाऱ्या अँगसवाल्यांनाही हाच फटका बसला. २००८ मध्ये अमेरिकेत वाकड्या पायांची, वाकड्या कण्याची मेलेली वासरं जन्मू लागली. माग काढला तर प्रिसिजन १६८० या अतिशय लोकप्रिय वळूच्या घराण्यापर्यंत गेला. वळू उत्तम होता, म्हणूनच सगळीकडे वापरला गेला आणि म्हणूनच दोष सगळीकडे पसरला. मात्र वह्या होत्या, म्हणून उगम पटकन सापडला. काही महिन्यांतच डीएनए टेस्ट आली आणि कोणता वळू वापरायचा नाही हे कळलं.

आपल्या गावात असं झालं तर माग कसा काढणार?

विदर्भात गाडी कुठे अडते

आता गवळाऊकडे येऊ. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतली, पलीकडे मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेली ही पांढरी, उंच, चपळ जात. आंध्रच्या ओंगोलशी तिचं जवळचं नातं मानतात. याच ओंगोलपासून ब्राझीलने नेलोर जात वाढवली आणि २०२३ मध्ये त्या जातीच्या एका गायीची किंमत लिलावात सुमारे ४० लाख डॉलर ठरली. ब्राझीलकडे आपल्यापेक्षा चांगलं काय होतं? दशकानुदशकांच्या नोंदी.

गवळाऊचं दूध कमी, एका वेतात साधारण ६०० लिटर. तिची खरी ताकद बैलात. डोंगराळ वाटेवर वेगाने गाडी ओढणारा बैल म्हणून ती घडली, शंकरपटातही तिचं नाव. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. नागपुरात पशुवैद्यक विद्यापीठ आहे आणि राज्य पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळाही आहे. म्हणजे यंत्रणा जवळच आहे. अडतं ते डेटापाशी.

चिपचा अंदाज किती खरा हे त्यामागे किती जनावरांच्या नोंदी आहेत यावर ठरतं. ज्या जातीच्या हजारो गायींचं दूध नियमित मोजलं जातं, तिच्यासाठी अंदाज पक्का. ज्या जातीच्या गायी मोजक्या आणि त्यांचं दूध कुणी मोजलंच नाही, तिच्यासाठी तीच चिप, तेच मशीन, पण अंदाज कच्चा. गीरचं सूत्र गवळाऊला जसंच्या तसं लागू होत नाही. दुसरं असं की दुधाच्या आकड्यावर वळू निवडला तर गवळाऊ कायम हरणार, कारण तिचा वेग, तिचं उन्हात टिकणं, तिचं काम कुठल्या रकान्यात भरलंच जात नाही. जे मोजलं नाही ते निवडीत येत नाही, आणि जे निवडीत येत नाही ते दोन-तीन पिढ्यांत जातं.

आर्वीकडच्या माझ्या एका काकाजींना मी विचारलं, “गाईला कोणत्या वळूची कांडी लावली?” ते म्हणाले, “जर्शीची असन. साहेब आले, लावून गेले.” यात काकाजींचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे विचारायचं असतं. पण या एका उत्तरात बघा काय काय गेलं: वळूचा नंबर गेला, जात नक्की कोणती ते गेलं, आणि जन्मणारी कालवड उद्या तिच्याच बापाच्या कांडीने भरली जाणार नाही याची खात्रीही गेली. बाप-लेकीचं असं रेतन झालं तर वासरात लपलेले दोष उघड होण्याची शक्यता बरीच वाढते.

कालवडीच्या कांडीचं काय?

एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्राणूत वायपेक्षा तीन-चार टक्के जास्त डीएनए असतो. मशीन तो फरक ओळखून शुक्राणू वेगळे करतं. अशी कांडी वापरली तर साधारण ९० टक्के वेळा कालवड होते. परदेशी तंत्रज्ञानामुळे ती महाग होती. देशी तंत्रज्ञानाने एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील, असं वाशिमच्या घोषणेत सांगितलं गेलं.

ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम उरलं नाही आणि बाजारही उरला नाही, त्यामुळे ही कांडी अनेकांना हवी आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाय गाभण राहण्याचं प्रमाण या कांडीने साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ती तब्येतीने चांगल्या, माज नियमित येणाऱ्या जनावरालाच लावावी. आणि ती फक्त कालवड होईल एवढंच सांगते, कालवड चांगली होईल असं नाही. ते वळूवरच ठरतं. होल्स्टीन वळूची कालवड झाली आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला, तर तिच्यासाठी सावली, पाणी, पंखा, चारा यांचा खर्च आधी मांडा.

तुमच्या फोनचा संबंध इथे येतो

कानातला तो पिवळा बिल्ला म्हणजे जनावराचा १२ अंकी नंबर. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यामुळे बरेच जण तो फक्त बाजारासाठी लावून घेतात. खरं तर तो लॉगिन आयडी आहे. ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय व्यवस्थेत त्या नंबरापुढे रेतन, लस, आजार, वासरू अशा नोंदी जोडता येतात. नोंद झाली तर वंशावळ तयार होते. नाही झाली तर बिल्ला नुसता दागिना.

घरी जनावर असेल तर पुढच्या वेळी एवढं करा:

१. कांडी लावण्याआधी तिचा फोटो काढा. कांडीवर वळूचा नंबर, जात, केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते. अक्षरं बारीक असतात, म्हणून झूम करून घ्या. फोटो आधी दुरून सेट करून ठेवा, कारण कांडी बाहेर काढल्यावर वेळ घालवून चालत नाही.

२. त्याच वेळी बिल्ल्याचा फोटो काढा आणि रेतनाची नोंद या नंबरापुढे करायला सांगा. आदराने विचारा, पण विचारा.

३. कालवड पहिल्यांदा माजावर आली की तिच्या आईच्या वेळचा फोटो उघडा. वळूचा नंबर तोच असेल तर दुसऱ्या वळूची कांडी मागा.

४. घरी गवळाऊ असेल तर गवळाऊचीच कांडी मागा. जवळ नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर त्या जातीचे वळू कुणी ठेवणार नाही.

५. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून नोट्समध्ये लिहा. एका गाईची ही यादी छोटी वाटते. पण चिपमागचं सूत्र अशाच याद्यांतून बनतं.

सरकारने चिप आणली हे चांगलंच झालं. पण ब्राझीलने आणि अमेरिकेने आधी वह्या लिहिल्या, मग चिप आणली. आपण चिप आधी आणली आहे, वह्या अजून कोऱ्या आहेत. गवळाऊसारख्या जातीला त्या भरायला फार वर्षं मिळणार नाहीत. घरात सगळ्यात जास्त वेळ ज्याच्या हातात फोन असतो, त्यानेच ही नोंद सुरू केलेली बरी.