फिजिशियन असिस्टंटचा कोर्स अंबरनाथला का नको?

बीएस्सी फिजिशियन असिस्टंट म्हटलं की बदलापूरजवळच्या आमच्या चामटोली गावात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे डॉक्टर नाही ना?’ नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची हकिगत विचारायची, त्याला तपासायचं, केस लिहायची, राउंडला सोबत राहायचं, ऑपरेशनमध्ये मदत करायची, हे आमचं काम. स्वतःच्या पाटीखाली दवाखाना टाकता येत नाही. हे मी इतक्यांना सांगितलंय, की आता कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते.

माझं पहिलं वर्ष नुकतंच पार पडलं. हे वर्ष अभ्यासामुळे अवघड जातं असं सगळे म्हणतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, सगळं इंग्रजीतून आणि मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली; त्यामुळे अवघड होतंच. पण अ‍ॅनाटॉमीची चौरासियाची पुस्तकं चार वेळा वाचली की डोक्यात बसतात. ज्याच्यावर काहीच इलाज चालत नाही, ते म्हणजे अंतर.

कॉलेज नवी मुंबईत. वांगणीकडून येणारी कर्जत लोकल आधीच खच्चून भरलेली असते, म्हणून मी रिक्षाने बदलापूर गाठून तिथून सुटणारी गाडी पकडते. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवर धावायचं आणि पुन्हा ट्रान्स हार्बरच्या गर्दीत शिरायचं. लेडीज डब्यात दंडातल्या नसांचं जाळं पाठ करताना मी स्वतःच्याच हातावर बोट फिरवत असायचे. शेजारची बाई एकदा काळजीने म्हणाली, ‘हात दुखतोय का गं?’ सकाळचं ठीक असतं हो, पण संध्याकाळी घरी पोचल्यावर पुस्तक उघडायचं त्राण उरत नाही. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली काही बाकं रिकामी झाली. लांबून येणारी मुलंच आधी गळाली. ती काही मठ्ठ नव्हती.

हॉस्टेल घ्या, असं सुचवणाऱ्यांना फीचा आकडा माहीत नसतो. शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्या घरात मुलीच्या जेवणाराहण्याचा वेगळा खर्च कोण काढणार?

पहिल्या वर्षात रुग्ण फार थोडे दिसतात, हीसुद्धा अडचणच. बीपी मोजायला मी खरी शिकले ती आजीवर. कफ बांधायचा, कोपराच्या खळगीत नाडी शोधायची, त्यावर स्टेथो ठेवायचा, फुगा पिळायचा आणि हवा सावकाश सोडायची. ठोका पहिल्यांदा ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. पहिल्या दिवशी मला फक्त घरातला पंखा ऐकू आला. मग रोज जेवण झाल्यावर आजी आपणहून हात पुढे करायची. हे सगळं वॉर्डात, शिकवणाऱ्याच्या समोर व्हायला हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की हा कोर्स अंबरनाथला सुरू करा. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात ज्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचं सरकारी कॉलेज आहे. तिथे डॉक्टर होणाऱ्यांची सोय झाली, चांगलंच झालं. त्याच शिक्षकांच्या हाताखाली फिजिशियन असिस्टंटची एक छोटी तुकडी का शिकू नये? उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. पहिल्या सत्रापासून आठवड्यातला एक दिवस तिथल्या ओपीडीत बसवलं, तर पुस्तकातलं हृदय आणि समोरच्या माणसाचं धापा टाकणं यांचा संबंध लवकर कळेल.

फिजिशियन असिस्टंटचा उपयोग काय, हे चामटोलीला तरी वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या गावाजवळ अडकली. हजारावर प्रवासी, त्यात गरोदर बायकाही. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आले, गावकरीही पाण्यात उतरले. मी तेव्हा शाळेत होते. अशा वेळी डॉक्टर कितीही आले तरी कमीच पडतात. कुणाला आधी हलवायचं ते पाहणारे, बीपी मोजून कागदावर लिहिणारे शिकलेले हात त्यांच्याजवळ हवे असतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९६५मध्ये हा कोर्स सुरू केला, तेव्हा पहिली तुकडी नौदलातल्या वैद्यकीय सहायकांचीच होती. आपल्याकडे डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२मध्ये चेन्नईत त्याची सुरुवात केली.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो, की उद्या हेच लोक डॉक्टर म्हणून मिरवतील. भीती खोटी नाही. इंग्लंडमध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांनी जुलै २०२५मध्ये दिलेल्या अहवालात, निदान न झालेले रुग्ण या लोकांनी सरसकट तपासू नयेत, अशी शिफारस केली. मला ती पटते. पण मर्यादा आखून देणं हा कोर्स बंद ठेवण्याचा बहाणा होऊ नये. केंद्राच्या २०२१च्या कायद्याने फिजिशियन असोसिएट आणि असिस्टंट या व्यवसायाला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. आता काय करता येईल, काय नाही आणि नोंदणी कुठे होईल, हे प्रवेशाच्या वेळीच मराठीत छापून पालकांच्या हातात द्यायला काय हरकत आहे? आमच्या वर्गातल्या अर्ध्या पालकांना मुलगी नक्की कोण होणार हे अजून कळलेलं नाही. पहिल्याच सेमिस्टरला केटी लागली की ते म्हणतात, ‘सोड, बीकॉम कर.’ त्यांना तरी काय म्हणून दोष द्यायचा?

गावातल्या दोन मुली यंदा बारावी सायन्सला आहेत. त्यांच्यातल्या एकीचे वडील गेल्या रविवारी चौकशीला आले होते. फी, गाडी, अभ्यास, नोकरी, सगळं जसं आहे तसं सांगितलं. अंबरनाथला असता तर आजच फॉर्म भरला असता, म्हणाले. नवी मुंबईचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही.